तांब्याचं टोक

कोलशेतच्या मिठागराच्या कचेरीमागे, जमिनीत पुरलेल्या पत्र्यापासून तार सुटून पडली होती. तारखात्याच्या इनास मिस्त्रीने टोक उचललं. तांबं घासलेल्या हंड्यासारखं चमकत होतं.

कचेरीतलं यंत्र एका तारेने ठाण्याच्या तारऑफिसला जोडलेलं होतं, तिथून पुढे साऱ्या मुलखाला. परतीची वाट त्या पत्र्यातून, जमिनीखालून. ती तुटली की यंत्र मुकं.

इनास कल्याणचं काम आटपून पहिल्या गाडीने आला होता. ठाण्याचे तारमास्तर कुरकुरत होते. काल साडेपाचला त्यांनी कोलशेतला दोनदा हाक मारली, त्यांच्या यंत्राची सुई हलली, पण उत्तर नाही. आज तर सुईही हलत नव्हती.

तारबाबू ग्रेगरी कचेरीच्या दारात काळा कोट घालून उभा होता. इनासच्या मुलीचा, बिट्रिसचा, तो धर्मबाप.

"तार राहू दे, इनास. घरी जा. बिट्रिस पहाटे गेली."

इनासच्या हातातून टोक सुटलं.

बाकीचं ग्रेगरीने घराच्या वाटेवर सांगितलं. काल चारला बिट्रिसचा ताप चढला. शेजारणीने पहारेकरी धाकूच्या हाती ग्रेगरीकडे चिठ्ठी पाठवली, ठाण्याच्या डॉक्टरला तार करायला. ग्रेगरी सहापर्यंत यंत्र ठोकत बसला, पण ते मेलेलं. धाकूची बकरी कचेरीमागे बांधलेली असते, तिनेच तार ओढली. डॉक्टर आला नाही म्हणून हवालदाराने धाकूला रात्रीच चावडीवर बसवलं होतं. इनासच्या रिपोर्टावर त्याचा तुरुंग ठरणार होता.

संध्याकाळी बिट्रिसला माती दिली. ग्रेगरीने खांदा दिला.

दुसऱ्या सकाळी इनास चावडीवर गेला.

"बकरी कुठे होती?"

"घरी. व्यायलीय ती, मिस्त्री."

"चिठ्ठी दिलीस तेव्हा बाबू काय बोलला?"

"बोलला, डॉक्टर निघालाच समज. म्हणून मी ठाण्याला धावलो नाय." धाकू खाली बघत होता. "पन बाबूपुढं माझं कोन ऐकनार?"

इनास कचेरीमागे गेला. टोक कालच्याच जागी पडलं होतं. ते हिरवट काळं पडलं होतं.

त्याने ते बोटाने घासून पाहिलं. मग आत गेला.

"ग्रेगरी, ही तार कधी सुटली?"

"परवा दुपारी. सांगितलं ना."

"खाडीच्या हवेत उघडं तांबं एका रात्रीत काळं पडतं. हे मिठागरातल्या पोरालाही ठाऊक आहे. काल सात वाजता मी टोक उचललं तेव्हा ते चमकत होतं. म्हणजे ते रात्रभर पत्र्याला आवळलेलं होतं, उघडं नव्हतं. काल सकाळीच कुणीतरी सोडलं."

"धाकूने सोडलं असेल."

"परवा रात्रीपासून धाकू चावडीवर होता. आणि परवा साडेपाचला ठाण्याची सुई हलली. पत्रा सुटलेला असता तर हलली नसती. तार धड होती. यंत्रापाशी माणूस नव्हता."

ग्रेगरीने टेबलावरचे कागद सारखे केले.

"परवा तुझ्या भाच्याच्या लग्नातलं उंबराचं पाणी होतं. वाजंत्री चारलाच निघाली, हे शेजारीण बोलली. तू चिठ्ठी खिशात घातलीस आणि कुलूप लावून गेलास. पहाटे बिट्रिसचं कळलं तेव्हा तसाच इथे आलास आणि तार सोडलीस. मला वाटलं, काळा कोट तू बिट्रिससाठी घातलास. तो लग्नघरचा होता."

ग्रेगरीचा हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला.

"परत येऊन डॉक्टरला तार करणार होतो रे. तासाभराचा तर प्रश्न होता. इनास, मी तुझ्या पोरीचा धर्मबाप आहे."

इनास मागे गेला. त्याने टोक सुरीने घासलं, पत्र्याला आवळलं, मातीतून वीज नीट वाहावी म्हणून वर घडाभर पाणी ओतलं. परत येऊन तो ग्रेगरीच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"लाव ठाणं. कळव, धाकूचा दोष नाही. तार कुणी सोडली तेही कळव. खाली तुझं नाव घाल."

ग्रेगरीने खटका दाबला. एकेक अक्षर करत नावापर्यंत यायला त्याला वेळ लागला.

ठाण्याचं उत्तर लगेच आलं. परवाही ते असंच आलं असतं.