ते नाही, मूळ गाव?

डोळे तपासायला आलेली म्हातारी डोळे वटारून बसली होती, आणि तिला घेऊन आलेला नातू समृद्धीकडे टक लावून बघत होता. दोघांपैकी आधी कुणाचा नंबर काढावा, हा प्रश्नच होता.

डोंबिवली पश्चिमेला, मासळी बाजाराच्या तोंडाशी असलेल्या चष्म्याच्या दुकानात समृद्धी येमूल डोळे तपासायची. म्हातारीचं नाव सगुणाबाई. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकणारी. नातू दिपेश. शीळफाट्याकडच्या नव्या टॉवरांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी बापाबरोबर होडीवर जायचा.

"आजी, वरची ओळ दिसते का?"

"दिसतं गो. पन मना वाचता येत नाय, त्याला तू काय करशील?"

दिपेश फस्सकन हसला. समृद्धीने त्याच्याकडे एक नजर टाकली... आणि गडबडून परत म्हातारीकडे वळली.

"बरं, मग तुम्हाला काय दिसायला हवंय?"

सगुणाबाईने पिशवीतून जाळ्याचा तुकडा काढला. गिऱ्हाईक नसलं की बाजारात बसल्याबसल्या विणायची तिची सवय. "ही गाठ दिसली पायजे."

समृद्धी एकामागून एक भिंगं बदलत गेली. म्हातारी जाळं नाकाशी धरून "नाय... नाय... अजून नाय" करत राहिली आणि मग एकदम ओरडली, "आता! आता दिसली बघ!" समृद्धीनेही वाकून ती गाठ पाहिली. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. पण दिपेश अजून तिच्याकडेच बघत होता, त्यामुळे कुठे पाहिली ते काही तिला आठवेना.

"गुनाची हायस," सगुणाबाई म्हणाली. "गाव कंचा गो तुजा?"

"कल्याण."

"तसा नाय. मूल गाव?"

झालं! हा प्रश्न समृद्धीच्या पाचवीलाच पुजलेला. शाळेत बाईंनी विचारला, बसस्टॉपवर शेजारणीने विचारला. येमूल आडनाव ऐकलं की कल्याण हे उत्तर कुणाला पुरतच नसे. तिचे आजोबा, ज्यांना घरात सगळे ताता म्हणत, तेलंगणातल्या करीमनगरकडून पोट भरायला निघाले. वाटेत सोलापूरला थोडे थांबले, मग भिवंडीत येऊन त्यांनी यंत्रमागावर जन्म काढला. बाबांनी कल्याणला घर घेतलं. घरात तेलुगू, दारात मराठी. करीमनगरला लग्नाकार्याला गेलं की तिथली भावंडं तिच्या तेलुगूला हसत आणि तिला "बॉम्बेवाली" म्हणत. म्हणजे तिथे ती इथली, आणि इथे तिथली.

"चष्मा शुक्रवारी मिळेल, आजी," एवढंच ती बोलली.

शुक्रवारी चष्मा न्यायला दिपेश एकटाच आला. शनिवारी काडी सैल झाली म्हणून आला. नंतर आजीच्या नाकावर रुततो म्हणून. बिचाऱ्या चष्म्याला जेवढे आजार झाले तेवढे सगुणाबाईला जन्मात झाले नसतील. शेवटी चष्मा न घेताच आला.

"मला जवळचं दिसत नाही, मॅडम."

"किती जवळचं?"

त्याने काउंटरवर कोपरं टेकली आणि पुढे झुकला. "...एवढं."

"एवढ्यावरचं कुणालाच नीट दिसत नाही. मागे व्हा." ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, त्या काही मागे होईनात.

मग कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीकाठी दोघं भेटू लागली. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंसुद्धा नाही. तो तिला भरती-ओहोटी समजावून सांगायचा, ती त्याला तेलुगू शिव्या शिकवायची. एकदा तो कौतुकाने म्हणाला, "तुझं मराठी एकदम मस्त आहे हं!"

"थँक्यू. तुझंही बरं आहे."

तो आधी गोंधळला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्याने जीभ चावली. "सॉरी. पुन्हा नाही बोलणार." याच्यासाठीच तर तो तिला आवडायचा. चुकायचा, पण लगेच वळायचा.

श्रावण लागला आणि एक दिवस दिपेशची बहीण हेमांगी दुकानात आली.

"वहि... सॉरी, समृद्धीताई! नारळी पौर्णिमेला आमच्याकडे यायचंच. आजी जाम खूश आहे. तू सोलापूरची ना? दादाने सांगितलंय घरी. आजी बोलली, चला, आपली मराठी पोरगी आहे!"

समृद्धीच्या हातातली फ्रेम तशीच राहिली.

त्या संध्याकाळी खाडीवर ती त्याच्या शेजारी बसलीच नाही. उभ्यानेच विचारलं, "मी सोलापूरची कधी झाले रे?"

"अगं, ताता होतेच ना सोलापूरला! अगदी खोटं थोडंच आहे? एकदा घरी तू आवडलीस की मग हळूहळू..."

"माझ्या आजोबांना तू अर्ध्या वाटेत उतरवलंस, दिपेश." ती म्हणाली. "अख्खं जग मला विचारतं, ते नाही, मूळ गाव? मला वाटलेलं एक जण तरी असेल ज्याच्यापुढे काही लपवावं लागणार नाही. आणि तूच लपवलंस."

पाण्यावरून गार वारा आला. तिला रडू येत होतं आणि त्याचा हातही धरावासा वाटत होता. दोन्ही तिने आवरलं.

"पौर्णिमेला आमच्यातही सण असतो," ती म्हणाली. "आम्ही विणकर. ताता पूजा करतात आणि सुताचा पिवळा धागा घरातल्या सगळ्यांना बांधतात. आजी आजोबांना बांधते, आई बाबांना. आपल्या माणसाला बांधायचा. तू घेशील बांधून? सगळ्यांसमोर?"

"त्या दिवशी? अगं, त्या दिवशी राखी! लोक काय समजतील?"

"तेच तर विचारतेय."

उत्तर न ऐकताच ती निघाली.

पौर्णिमेला ती कोळीवाड्यात पोचली तेव्हा पर्समध्ये पिवळा धागा होता. सोनेरी कागदात मढवलेला नारळ बँडच्या तालावर मिरवत धक्क्यावर आला होता. होड्यांवर पताका फडफडत होत्या, बायका ठेवणीतली लुगडी नेसून दागिन्यांनी मढल्या होत्या. नारळ पाण्यात सोडला, सगळ्यांनी हात जोडले. मग हेमांगी राखीचं ताट घेऊन भावाला शोधू लागली. भाऊ मात्र गर्दीतून वाट काढत थेट समृद्धीपुढे येऊन उभा राहिला. हात पुढे केला.

"बांध."

"...नक्की?"

"सगळे बघतायत. लवकर बांध."

तिने धागा त्याच्या मनगटाभोवती घेतला आणि दोन टोकं जोडून गाठ मारली. बँड थांबला होता. हेमांगी किंचाळली, "दादा! राखी?" धक्क्यावरची पोरं फिदीफिदी हसली. कुणी शिट्टी मारली.

"राखी नाय!" दिपेश मोठ्याने म्हणाला. मानेपर्यंत लाल झालेला. "आजी, ऐक. समृद्धी सोलापूरची नाय. तेलुगू आहे, विणकरांची. हा त्यांच्या घरचा धागा, आपल्या माणसाला बांधतात. मी खोटं बोललेलो. मना भीती वाटली, तू नाय बोलशील."

सगुणाबाई उठली. नातवाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला.

"मना विचारलंस? नाय ना? सोलापूर काय नि तेलंगन काय, आमच्या खाडीला सगलंच लांब. घाटावरचे आले, कोकनातले आले, आमी कोनाला हाकललं काय?" मग तिने चष्मा नाकावर सारखा केला, त्याचं मनगट डोळ्यांशी धरलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

"ही गाठ तुला कोनी शिकवली गो?"

"ताताने... आजोबांनी. मागावर सूत तुटलं की असंच जोडतात."

"ही तर जाल्याची गाठ!"

समृद्धीला एकदम आठवलं. नाकाशी धरलेला जाळ्याचा तुकडा, बदलती भिंगं... आणि तिच्यावर रोखलेली दिपेशची नजर.

"ओढशील तेवढी घट्ट बसते," सगुणाबाई हेमांगीला म्हणाली. "राखीला अशी गाठ मारतात काय? तू तुजी बांध, दुसरा हात मोकला हाय त्याचा." मग स्वतःचा बांगड्यांनी भरलेला हात तिने पुढे केला. "धागा उरलाय काय? मना पन बांध."

धागा उरला होता. बांगड्या मागे सारून समृद्धी गाठ मारू लागली, पण बोटांना नेहमीचं काम सुचेना.

तेवढ्यात शेजारची रखमाबाई वाकून बघू लागली. "कोन गो ही पोर? गाव कंचा हिचा?"

"कल्यान," सगुणाबाई म्हणाली.

"तसा नाय गो. मूल गाव?"

"कान गेले काय तुजे?" म्हातारी कडाडली. "सांगितला ना, कल्यान!"

बँड पुन्हा सुरू झाला. समृद्धी गर्दीतून बाजूला, होड्यांच्या आडोशाला येऊन उभी राहिली. मागोमाग दिपेश आला. दोन्ही मनगटं भरलेली.

"काय झालं गं? रडतेस?"

"नाही रे... मला बहुतेक चष्मा लागणार. समोरचं सगळं धूसर दिसतंय."

"बघू," तो हळूच म्हणाला. "जवळ ये."

या वेळी तिने त्याला मागे व्हायला सांगितलं नाही.