फर्नेसचं लाल बटण

गौरांगी, तो थर्मोस्टॅट वाढवू नकोस. एकवीसवर ठीक आहे, थंडी वाजत असेल तर शाल घे. आणि अक्षरा, फोन खाली ठेव, कारण ही गोष्ट मी एकदाच सांगणार आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हा दोघींना माहीत आहे. पटल्याशिवाय काही मानू नका म्हणून मी आयुष्यभर मंडळात भाषणं ठोकली. तेव्हा जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. काय मानायचं ते तुम्ही ठरवा.

तेरा जानेवारी दोन हजार चोवीस. शनिवार. कॅनडातलं आपलं हेच रेजिना, बाहेर उणे अडतीस. आपला राजरत्न संध्याकाळी सहाच्या सुमारास घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या फर्नेसचा फिल्टर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला. घर घेऊन तीन महिने झाले होते. घरात बायको मृणाल आणि पाच महिन्यांची केया. येताना त्यानं दूध घेतलं, डायपर घेतले, घरी येऊन इंजिन गोठू नये म्हणून गाडीचा ब्लॉक हीटर प्लगला लावला. सगळं रोजच्यासारखं.

घर यादवरावांकडून घेतलेलं. यादवराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष. नवीन माणूस एअरपोर्टवर उतरला की जाड जॅकेट घेऊन पहिले हजर. राजरत्न त्यांना दादा म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. दादांनी कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, जायचं म्हणून घर विकायला काढलं, तेव्हा मध्ये मीच पडलो. राजरत्न मला म्हणाला, "काका, होम इन्स्पेक्शन करून घेऊ का?"

मी हसलो. म्हटलं, "अरे, आपल्या माणसाचं घर आहे. दादांना काय वाटेल?"

बघा. पटल्याशिवाय मानू नका म्हणणारा माणूस मी! त्या वाक्याची मला आजही चीड येते.

साडेआठला फर्नेस बंद पडला. शनिवारी रात्री टेक्निशियन मिळतो कुठे? सकाळी आठला येतो म्हणाला. तोवर पाच महिन्यांच्या पोरीला या थंडीत ठेवायचं कसं? राजरत्न हाताचा चांगला, व्हिडिओ बघून बरंच काही शिकलेला. त्यानं एकेक गोष्ट तपासायला घेतली. आधी थर्मोस्टॅटचे सेल बदलले. मग फिल्टर काढला, तो काळाकुट्ट निघाला, नवा बसवला. मग टॉर्च घेऊन बाहेर गेला. धूर बाहेर टाकणाऱ्या पांढऱ्या पाइपच्या तोंडाशी बर्फ धरला होता, तो खरवडून काढला. आत आला, बेसमेंटचा जिना उतरला, आणि कपाळावर हात मारून घेतला. जिन्याशेजारच्या भिंतीवर फर्नेसचं लाल बटण असतं ना... तेच ऑफ होतं. जे पहिल्यांदा बघायचं ते यानं शेवटी बघितलं.

"काका, धिस इज नॉट स्केरी," अक्षरा म्हणते आहे. बरोबर आहे. अजून नाही.

त्यानं बटण ऑन केलं. फर्नेस सुरू झाला. वर येऊन त्यानं मृणालला अंगठा दाखवला. दहा मिनिटांत घर पुन्हा गप्प. खाली गेला तर बटण ऑफ. मृणाल वर केयाला पाजत होती. घरात चौथं माणूस नाही. धक्का लागला असेल म्हणून त्यानं पुन्हा ऑन केलं. या वेळी वर गेला नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिला.

खाली बेसमेंटच्या रिकाम्या खोलीत कोणीतरी खोकलं.

एकदाच. मग टक्... आणि फर्नेस बंद.

त्यानं दादांना फोन लावला. रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं, त्याच्या फोनमध्ये नंतर मी स्वतः बघितलं.

"जय भीम दादा. ते खालचं लाल बटण आपोआप बंद होतंय."

यादवरावांनी कशानं, कधीपासून, काही विचारलं नाही. सरळ म्हणाले, "टेप लाव त्याला."

"टेप?"

"डक्ट टेप. घट्ट लाव. मी पण तेच करायचो."

राजरत्ननं टॉर्च मारला. खरंच, बटणाच्या कडेला जुन्या टेपचा चिकट डाग होता. एकावर एक. कितीतरी वेळा लावलेला... कितीतरी वेळा निघालेला.

"दादा, खाली बेसमेंटमध्ये कोणी राहायचं का?"

"नाही रे. कोणी नाही." फोन कट.

आता इथं मला एक सांगावं लागेल, आणि सांगताना मान खाली जाते. राहायचा. सुधाकर नावाचा माणूस, नांदेडकडचा, चाळिशीतला. बेकरीत नाइट शिफ्ट करायचा आणि दिवसा त्या खोलीत झोपायचा. राजरत्ननं घर घेण्याच्या तीन वर्षं आधी, एका हिवाळ्यात झोपला तो उठलाच नाही. हार्ट अटॅक, असं यादवरावांनी सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मानलं. बुद्धवंदना घेतली, डोळे पुसले, घरी आलो. राजरत्न नंतर आला इथं. घराचा व्यवहार ठरताना त्याला हे सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. नाही सांगितलं. कशाला उगाच, म्हटलं.

तर राजरत्ननं टेप आणली. दातानं तोडली. बटण ऑन केलं. फर्नेस लागला. त्याच्या छोट्या काचेतून ज्योत दिसत होती, निळी, सरळ. मग आतला पंखा सुरू झाला... आणि ज्योत वाकली. पिवळी होऊन थरथरायला लागली. त्याचं डोकं सकाळपासून दुखत होतं, त्यात आता गरगरलं. तरी त्यानं टेप बटणावर धरली. अंगठा दाबला.

त्याच्या हातावर हात आला.

थंड नव्हता, म्हणाला तो मला. कोमट होता. पिठानं खरखरीत.

त्या हातानं त्याचा अंगठा बाजूला केला. हळूच. आणि बटण खाली ओढलं.

टक्.

कानाशी कोणीतरी म्हणालं, "भाऊ, राहू द्या. झोप लागंल."

तो पळाला. वर आला. मृणाल सोफ्यावर आडवी. हाक मारली. ओ नाही. हलवली. डोळे अर्धे उघडून म्हणाली, "डोकं खूप दुखतंय... झोपू दे." आणि केया... केया रडत नव्हती. डायपर ओला, बाटलीतलं दूध अर्धं टाकलेलं, तरी रडत नव्हती.

दार सताड उघडलं त्यानं. दोघींना ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत घातलं. पावणेबाराला माझ्या दारात उभा होता, पायात एकच बूट. तिथून आम्ही थेट इमर्जन्सीत. तिथं दोघींना ऑक्सिजन लावला. मृणाल सावरली, आणि पहाटे चारला केया रडली. असं रडणं मी कधी इतक्या आनंदानं ऐकलं नाही.

सकाळी मी आणि राजरत्न टेक्निशियनला घेऊन त्या घरी गेलो. पंजाबी माणूस, साठीला आलेला. फर्नेस बघून तो दारातच थबकला. म्हणाला, "भाईसाब, यह तो मैंने खुद बंद किया था. तीन साल पहले, सर्दी शुरू होते ही. अंदर क्रॅक है, गैस घर में आती है. रेड टॅग लगाया था, ओनर को बोला था, इसको चलाना मत, नया लगाओ."

तो धोक्याचा लाल टॅग कुठेच नव्हता. राजरत्ननं भिंतीवरचा त्या विषारी गॅसचा, कार्बन मोनॉक्साइडचा, अलार्म काढून मागचं झाकण उघडलं. आत बॅटरी नव्हती. पडलेली नव्हे... काढलेली. वाजत राहतो म्हणून काढलेली.

राजरत्न ओरडला नाही. जिन्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "काका, दादांनी मला टेप लावायला सांगितलं. केया वर झोपली आहे हे माहीत असून सांगितलं." मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. शत्रूनं केलं असतं तर मी समजू शकलो असतो. या माणसानं मला एअरपोर्टवर जॅकेट घातलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मी एकटाच यादवरावांच्या कॉन्डोवर गेलो. नववा मजला. एकटेच होते. घरात अंगावर दोन स्वेटर, पडदे गच्च ओढलेले. मी बसलोही नाही. म्हटलं, "यादवराव, सुधाकर कशानं गेला?"

त्यांनी स्वेटर गळ्यापर्यंत ओढून घेतला.

"सांगा."

"तो हीटर बंद करतो," ते म्हणाले. "इथं पण... रोज रात्री."

"कोण?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मी पुढे झालो. "नका," ते म्हणाले. मी पडदा सारला.

बाल्कनीला त्यांच्या खोलीतूनच दार, दुसरा रस्ता नाही. त्या दाराला आतून कुलूप, कडेनं टेप, एकावर एक. बाहेर बाल्कनीत दुपारपासून पडलेला ताजा बर्फ, वीतभर, कोणी न तुडवलेला.

त्यात काचेला लागून दोन पावलं होती. अनवाणी. बोटं खोलीच्या दिशेनं.

येतानाची नव्हती. जातानाची नव्हती. फक्त दोन... आणि त्यातला बर्फ अजून वितळत होता.