नारिंगी दिवा

वल्लरीनं नवा चार्जर आणला तो बेबीकाकूंमुळे. चाळीत ते कुणी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

लालबागच्या त्या चाळीच्या मंडळाची एक ॲम्ब्युलन्स आहे. चार-चार दिवस ती जागची हलत नाही, म्हणून तिच्या बॅटरीला कायम चार्जर लावून ठेवायचा. जर्मनीत इंजिनिअरिंग शिकून परतलेल्या वल्लरीनं हे काम हट्टानं मागून घेतलं होतं. आपल्या माणसांची एक तरी गोष्ट नीट चालवून दाखवायची, हा तिचा ध्यास. रोज सकाळी ती येऊन दिवा बघे. हिरवा. म्हणजे बॅटरी भरलेली.

दीड महिन्यापूर्वी बेबीकाकूंच्या छातीत कळ आली. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि गाडी खटकन आवाज करून गप्प झाली. वीस मिनिटं पोरं गाडी ढकलत होती. आत वल्लरी काकूंचे हात निलगिरीचं तेल लावून चोळत होती. ते तिच्याच हातांत गार पडले.

मागाहून कळलं, त्या चार्जरचा हिरवा दिवा चिमटे बॅटरीला जोडलेले नसले तरी लागायचा. पाच मिनिटांची तपासणी. तिनं ती केलीच नव्हती.

आज रविवार. दुपारचे तीन. जेवून चाळ आडवी झाली होती, पटांगणात उन्हाशिवाय कुणी नव्हतं. फाटकाशी स्टुलावर चिंतामणीकाका बसले होते. गाडीचे ड्रायव्हर, आणि बेबीकाकूंचे नवरे.

"चालतो काय गो?" त्यांनी विचारलं.

"चालतो काका. सकाळी नारिंगी होता, म्हणजे भरत होता. आता हिरवा झालाय. मीटरवर पण तेरा पॉइंट चार व्होल्ट."

"जुन्याचा पण हिरवाच होता."

वल्लरीनं मान खाली घातली. "म्हणूनच आता चिमटे मोकळे ठेवून बघते. एकही दिवा लागता कामा नये."

चार्जर तापला होता. तिनं तो गाडीच्या मागच्या दारातून आत सावलीत ठेवला, दोन्ही चिमटे स्ट्रेचरच्या रेक्झिनवर हातभर अंतरानं टाकले आणि बटण दाबलं.

दिवा लागला. नारिंगी.

रेक्झिनमधून वीज जात नाही. तिनं चिमटे उचलले, दिवा गेला. उशाशी ठेवले, काही नाही. पायाशी ठेवले, काही नाही. पुन्हा मधे, दोन कडांना ठेवले... नारिंगी. कुणी उताणं निजलं तर मनगटं जिथं येतील, बरोबर तिथं.

तिनं बटण बंद केलं. मीटरच्या दोन्ही सुया त्याच जागी टेकवल्या. शून्य यायला हवं होतं.

दहा पॉइंट नऊ.

उतरलेल्या बॅटरीचा आकडा. आत निलगिरीचा वास येत होता, आणि तिला आठवलं, गाडी तर दोनदा फिनेलनं धुतली होती.

"घेते काय ती?"

काका मागे येऊन उभे होते. चप्पल वाजली नव्हती.

"चार्जर खराब आहे, काका..."

"खराब नाय." त्यांनी हात घालून बटण दाबलं. नारिंगी उजेडात त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवलेला दिसला. "हिरवा होऊ दे. अर्धवट काढू नको... तेव्हा अर्धवट ऱ्हायली ती."

वल्लरीला पळावंसं वाटलं. पण पाय उचलण्याआधीच तिसऱ्या मजल्यावरून धनेश ओरडला, "वल्लरी! गाडी काढ! आजीला श्वास घेता येत नाय!"

धनेशची आजी, गंगुबाई. वरून धावाधाव ऐकू आली.

"काका, चावी."

"थोडं थांब. पंधरा मिनिटं..."

"पुन्हा वीस मिनिटं थांबायचं?" तिचा आवाज फुटला. "पुन्हा?"

काकांनी खिशातून चावी काढली. तिनं चिमटे ओढले. एक लगेच निघाला. दुसरा निघेना. चिमट्याचा जबडा उघडाच होता, कशालाच धरलेला नव्हता, तरी तो निघेना. तिनं डोळे मिटून हिसका दिला.

पोरांनी खाली उचलून आणलेल्या गंगुबाईंना स्ट्रेचरवर निजवलं, मास्क लावला. काकांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चालली! परळचं हॉस्पिटल पाच मिनिटांवर. या वेळी वेळेत पोचणार होते.

पुलाशी वळताना तिनं पाहिलं, गंगुबाई अगदी कडेला सरकून निजल्या होत्या. पट्टा नसता तर पडल्या असत्या.

"आजी, मधे या ना."

म्हातारीनं मास्क वर केला. "मधी खंय येऊ गो? हय बेबी निजलीहा."

पुढं काकांनी आरशात पाहिलं. पण गाडी हळू केली नाही.

"धरून ऱ्हवलीहा माका," गंगुबाई कौतुकानं म्हणाल्या. "हात कितके गरम झाले गो हिचे..."

वल्लरीनं घाईघाईनं त्यांचा हात आपल्या हातांत घेतला आणि चोळायला लागली.

तो बोटांपासून गार होत वर चालला होता.