पावकिमतीची चोरी

"चोरी झाली आहे," छापखानेवाले काका दारातूनच म्हणाले, "आणि पोलीस हसतायत!"

खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांना बघून भाऊजींचाही पाय टेबलाखाली हलायला लागला. मुळात भाऊजींना एका जागी बसायचं वावडंच. त्यात समोर कुणी येरझाऱ्या घालायला लागलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. वहिनी मात्र शांत. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. ती नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं, तेव्हा धाकट्या दिराने त्यांना इकडून तिकडे न्यायचं काम आपणहून अंगावर घेतलं. डोकं वहिनींचं, स्कूटर भाऊजींची, अशी सरळ वाटणी होती.

"काय गेलं?" वहिनींनी विचारलं.

"पॉइंट! क्रेडिट कार्डाचे. छापखान्याचा कागद, शाई, झाडून सगळी खरेदी मी कार्डावर करतो. वर्षानुवर्षं जिवापाड जपले हो. आज सकाळी बघतो तर पाटी कोरी!"

"कुणी काय घेतलं त्यावर?"

"तिथंच तर मेख आहे. काहीच घेतलं नाही. काल कुणीतरी सगळे पॉइंट माझ्याच कार्डाच्या बिलात वळते केलेत."

भाऊजींना हसू आवरेना. "म्हणजे चोराने तुमचंच बिल भरलं?"

"हसा, हसा! पोलीसही असेच हसले. अहो, बिलात वळवायचे म्हणजे पावकिमतीत फुंकायचे. तेच विमान कंपनीकडे वळवले असते तर दोघांचं जाऊन-येऊन तिकीट आत्तासुद्धा निघालं असतं. पुढच्या महिन्यात तर विमानवाल्यांची खास सवलत येणार होती. पॉइंट दीडपट! मग पुढच्या रुंद खुर्च्या मिळाल्या असत्या."

"जाणार कुठे होतात?"

"हिची थोरली बहीण परदेशात असते. अंथरुणाला खिळलीये. तिला बघायला जायचं म्हणून हिने माझं डोकं खाल्लं. मी म्हटलं, नेतो गं, पण पॉइंटचं सोनं करून नेतो."

"आजार कितपत आहे?"

"डॉक्टरांनी हात टेकलेत म्हणे," काका म्हणाले आणि परत खिडकीकडे वळले. "पण मला आधी चोर हवाय."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. "पासवर्ड कुणाला ठाऊक?"

"कुणालाच नाही. म्हणजे मी विसरतो, म्हणून हिला पाठ आहे. जावयाने तो लावून दिला, म्हणून त्याला. आणि हिशेबनीस कार्डावर कागद मागवतो, म्हणून त्याला."

"म्हणजे अख्ख्या गावाला," भाऊजी पुटपुटले.

"आणि या महिन्याचं बिल भरलं?"

"भरलं की! कालच मुदत होती. त्या ऑनलाइनवर माझा काडीचा विश्वास नाही. पूर्ण बिलाची रोकड पाकिटात घालून मी बँकेत धाडतो. आता बघा ना, कार्डाची बाकी बरोबर शून्य. एक पैसा देणं नाही, एक पैसा येणं नाही."

"येणंही नाही?"

"नाही म्हटलं ना! त्याचं काय?"

"काही नाही," वहिनी उठल्या. "भाऊजी, स्कूटर काढा."

छापखान्यात यंत्रांची नुसती धडधड चालली होती. एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. हिशेबनीस कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसला होता, एक पाय स्टुलावर लांब करून.

"पॉइंट गेले? बरं झालं," तो म्हणाला. "कागद मागवून मागवून बोटं झिजली माझी. पॉइंट यांचे! एकदा म्हटलं, त्यातून या खोलीला एक पंखा घ्या. तर म्हणे, पंख्यात पॉइंट वाया जातात."

भाऊजींनी वहिनींकडे डोळे मोठे करून पाहिलं. चोर सापडला, असं त्यांच्या चेहऱ्यावर ठळक छापलं होतं.

"पॉइंट वळवताना खात्रीसाठी मोबाइलवर आकडा येतो," वहिनी म्हणाल्या. "काकांचा मोबाइल तुमच्या हाताशी असतो?"

"इथं? छे! या गोंगाटात वाजलेला ऐकू येत नाही, आणि शाईच्या बोटांना तो दादही देत नाही. तो घरीच असतो, स्वयंपाकघरात. कुणाचा निरोप आला की काकू इथल्या फोनवर कळवतात."

"आणि बिलाचं पाकीट? बँकेत तुम्हीच नेता ना?"

"न्यायचो." त्याने गुडघ्यावर थाप मारली. "याचं ऑपरेशन झालं आणि बँकेचा जिना सुटला. आता काकूच जातात बाजाराच्या वाटेवर."

बाहेर पडताच भाऊजी सुरू झाले. "वहिनी, हाच! पंख्याचा राग. मला नाही तर कुणालाच नाही, असा कावा."

"पंख्यासाठी चिडलेला माणूस पंखा घेईल, भाऊजी. मालकाचं बिल कशाला भरेल?"

भाऊजींनी स्कूटरला उगाच दोन किका जास्त मारल्या.

जावई प्रवास कंपनीत तिकिटांचं काम बघत होता. टेबलावर दोन फोन, समोर पडदा, आणि नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्यांना बसा म्हणायलाही तो विसरला.

"सासऱ्यांना मी कानीकपाळी ओरडून सांगत होतो," तो म्हणाला. "पॉइंट साठवून वाढत नाहीत. इकडे तुमचा आकडा तेवढाच, तिकडे विमानवाले भाव वाढवून मोकळे होतात. विमानात चांगली किंमत मिळते हे खरं, पण त्यासाठी विमानात बसावं लागतं ना! हे सारखे पुढच्या सवलतीची वाट बघत बसणार."

"मग बिलात कोण वळवेल?"

"ज्याला त्यातलं काही कळत नाही, असं कुणीतरी." तो घाईघाईने म्हणाला. तेवढ्यात एक फोन वाजला. त्याने खुर्ची फिरवून पाठ केली. "हो, आई... नाही नाही, तुम्ही जिना उतरू नका. बॅग मी घेतो. निघालोच मी."

फोन ठेवून तो उभाच राहिला. "माफ करा हं, आईचा फोन. जायलाच हवं."

खाली उतरल्यावर भाऊजी हळहळले. "बिचारा! एकीकडे सासऱ्यांची कटकट, दुसरीकडे आईला गाडीवर सोडायचं. त्याचं लक्षच नव्हतं हो आपल्याकडे."

वहिनी पायरीवर थबकल्या. "भाऊजी, तुम्ही तुमच्या आईला काय म्हणता? आई, तू येतेस का, की आई, तुम्ही येता का?"

"तू! आईला कोण तुम्ही म्हणेल?"

"मग चला लवकर. काकांना फोन करा, म्हणावं असाल तसे घरी या."

भाऊजींना काही म्हणजे काही उमगलं नाही, पण वहिनी कधी नव्हे त्या धावत स्कूटरकडे निघाल्या होत्या, म्हणून त्यांनी मुकाट्याने स्कूटर पिटाळली. सिग्नलला थांबले तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या, "हे काम मी घ्यायला नको होतं."

काकूंच्या दारात टॅक्सी उभी होती. आत बाहेरच्या खोलीत काकू प्रवासाच्या कपड्यांत, हातात पर्स घट्ट धरून. जावई बॅगेपाशी. आणि वहिनी-भाऊजींच्या पाठोपाठ काका धापा टाकत आत आले.

"सापडला का चोर? अगं, तू कुठे निघालीस?"

वहिनी काकूंकडे वळल्या. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या. "माझं ऐकून घ्यायची यांना सवय नाही."

"काका," वहिनींनी सुरुवात केली, "चोराने काहीच नेलं नाही म्हणून पोलीस हसले. पण तुमच्या सांगण्याप्रमाणे बिल दोनदा भरलं गेलं होतं. एकदा पॉइंटनी, एकदा पाकिटातल्या रोकडीने. मग तुमचे पैसे बँकेकडे जास्तीचे जमा दिसायला हवेत. तुम्ही म्हणालात, एक पैसा येणं नाही. याचा अर्थ एकच. पाकिटातले सगळे पैसे बँकेत पोचलेच नाहीत. पॉइंटनी जेवढं बिल फिटलं, तेवढी रोकड पाकीट नेणाऱ्याच्या हातात उरली."

काकांचा हात भिंतीवर टेकला.

"पॉइंट विकता येत नाहीत. पण बिल भरायला जाणाऱ्या माणसाला ते असे रोख करता येतात. जावयाला असलं काही करायची गरज नव्हती, आणि पाकीटही त्याच्याकडे नसतं. हिशेबनीस बँकेत जात नाही. मोबाइल स्वयंपाकघरात, पासवर्ड तोंडपाठ, पाकीट हातात, अशा तिन्ही गोष्टी असलेली व्यक्ती एकच आहे. मला फक्त ते पैसे कशाला हवे होते, हे कळत नव्हतं. ते जावयाच्या तोंडून कळलं. फोनवर तो ज्या आईला 'तुम्ही' म्हणाला, ती त्याची आई नव्हती, सासू होती."

भाऊजींच्या तोंडून "अरे देवा!" निघून गेलं.

"तिकीट मीच काढलं," जावई खाली मान घालून म्हणाला. "पैसे कुठून आले, ते मी विचारलं नाही."

"पावकिमतीत!" काका अजून तिथंच अडकले होते. "अगं, पावकिमतीत घालवलेस? मला सांगायचं तरी!"

"सांगितलं," काकू म्हणाल्या. "ताई चालत-फिरत होती तेव्हा सांगितलं. ती काठी घेऊन चालायला लागली, तेव्हा सांगितलं. तिचं उठणं बंद झालं, तेव्हा पाया पडले तुमच्या. दर वेळी तुम्ही म्हणालात, अजून थोडी कळ काढ, भाव सुधारतोय. परवा तिचा फोन आला. आवाज ओळखू आला नाही मला, माझ्या सख्ख्या बहिणीचा! त्या रुंद खुर्चीत बसून मी कुणाला भेटायला जाणार होते?"

भाऊजींना तिथं उभं राहवेना. त्यांनी जावयाच्या हातातली बॅग घेतली आणि ती टॅक्सीत नेऊन ठेवली. परत आले तर काकू उंबऱ्यात चपला घालत होत्या आणि काका त्यांच्यामागे केविलवाणे उभे होते.

"परत... परत कधी येशील?"

"पावकिमतीत एकीचंच तिकीट आलं," काकू म्हणाल्या. "तेही नुसतं जायचं. परतीसाठी साठवा तुम्ही पॉइंट. सावकाश."