दहा हजार कांचन

हिंगणघाटच्या गुणवाचन केंद्रात निर्मला ताकसांडे अकरा वर्षं एकच काम करत होती: गुणपत्रिकेतले आकडे पालकांना समजावून सांगणं. परीक्षा मंडळ हल्ली प्रत्येकाला तीन-तीन आकडे देई, आणि ते वाचताना भल्याभल्यांची भंबेरी उडे.

आज समोर गवंडीकाम करणारे गुलाबराव धोटे बसले होते. शेजारी त्यांची लेक कांचन, मांडीवर मंडळानं दिलेला अभ्यासाचा टॅब. नर्सिंगच्या प्रवेशाला साठ शतमक लागे. ही तिची तिसरी परीक्षा होती आणि नियमानं आता एकच उरली होती.

"पन्नास?" गुलाबराव उखडले. "वर्षभर झोपली होती का वं?"

"दादा, ते टक्के नव्हेत," निर्मलानं रोजचा पाठ सुरू केला. "हे कच्चे गुण पाहा. शंभरातली एक्याण्णव उत्तरं बरोबर. प्रमाणित गुण पाचशे, म्हणजे तिच्या गटाची सरासरी. आणि शतमक पन्नास, म्हणजे गटातले निम्मे तिच्या मागे, निम्मे पुढे."

"पहिल्या वेळी बासष्ट उत्तरं बरोबर होती, मंग अठ्ठ्याहत्तर," कांचन खाली मान घालून म्हणाली. "शतमक तिन्ही वेळा पन्नासच."

'अजून थोडा अभ्यास कर' हे वाक्य निर्मलाच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात गुलाबराव पुढे झुकले.

"नावं सांगा ना मॅडम. कोनाकोनाचे पोट्टे समोर गेले? वानखेड्याचा असनच."

हे प्रत्येकच बाप विचारी, आणि ती हसून टाळी. यादी पाहायचा अधिकार तिला होता, पण गरज कधी वाटली नव्हती. आज मात्र ते तीन पन्नास तिला खटकले. तिनं कांचनच्या संदर्भगटाची, म्हणजे जिच्याशी तुलना झाली त्या पोरांची, यादी उघडली.

पहिलं नाव, कांचन गुलाबराव धोटे. दुसरंही तेच, तिसरंही तेच. दहा हजार ओळी, नाव एकच.

चार वर्षांपूर्वी मंडळानं जाहीर केलं होतं की, यापुढे तुलना बरोबरीच्यांशीच होईल, खेड्यातल्या पोरीची शहरातलीशी नाही. निर्मलानंही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. पण अगदी बरोबरीचे आणायचे कुठून? म्हणून, यादीखालच्या टिपेनुसार, मंडळाच्या यंत्रानंच ते घडवले होते. टॅबमधल्या नोंदींवरून, परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंतच्या कांचनसारख्या दहा हजार आभासी कांचन. ही पहाटे चारला उठली की त्याही उठत.

"म्हंजे माह्या समोर मीच हाय?" पडद्यावरची नावं वाचत कांचननं विचारलं.

निर्मलाला आपल्या अकरा वर्षांची लाज वाटली. त्यातल्या शेवटच्या चार वर्षांत किती पोरांना तिनं अजून थोडा अभ्यास करायला घरी पाठवलं होतं! गुलाबरावांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

कांचन उठली. टॅब तिनं बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवला, परत येऊन दार लावलं आणि आवाज अगदी हळू केला.

"मॅडम, आता टॅबले काहीच दाखवलं नाई, वहीतच अभ्यास केला, तं त्यायले कसं समजन मी कुठवर पोचली ते?"