श्वास गोजूचा, पाय शोरिनचे

नाहा बंदराच्या धक्क्यावरून बोट सुटली, तरी चिनात्सुचं लक्ष समुद्राकडे नव्हतं. डोक्यात होती परीक्षा. काळ्या पट्ट्याच्या पुढच्या पायरीच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. नाहाला लागूनच असलेल्या शुरीतल्या शोरिन पद्धतीच्या कराटे वर्गाचे सेन्सेई, म्हणजे गुरू, तिचे स्वतःचेच बाबा. "तामाकी सेन्सेईंची मुलगी ना?" असं कुणी कौतुकानं विचारलं, की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जवळच्या बेटावरच्या मावशीकडे ती निघाली होती. मागच्या डेकवर कुणी नाही असं पाहून तिनं हळूच काता सुरू केला. ठरलेल्या हालचालींची ही साखळी तिला झोपेतसुद्धा यायची. परीक्षकांपुढे मात्र ती मध्येच तुटायची. एक पाऊल, एक वळण... आणि लाट आली! चिनात्सु कलंडली ती थेट कुणावर तरी धाडकन आदळली. जणू खांबावरच.

"शुरीच्या ना तुम्ही?" खांब म्हणाला.

बोटीवर काम करणाऱ्यांचा निळा शर्ट, रुंद खांदे, उंची तिच्याहून चार बोटं कमीच. बोट हेलकावत होती, हा मात्र तसूभर हलला नव्हता.

"कशावरून?"

"शोरिनवाले चिमणीसारखे उभे राहतात. आत्ता उडू की मग उडू! डेकवर चिमण्या टिकत नाहीत."

"आणि तुम्ही नाहाचे गोजूवाले," त्याचे रोवलेले पाय पाहून ती फणकारली. "पाय रोवायचे, डोळे वटारायचे आणि फुसफुसायचं. बाबा म्हणतात, तुमच्या वर्गावरून गेलं की बैलांची झुंज लागल्यासारखं वाटतं."

तो मनापासून हसला. शिन्या तोकाशिकी त्याचं नाव.

"खरं आहे. सडसडीत, चपळ माणसाला शोरिन. माझ्यासारख्या बुटक्या, आडव्या माणसाला गोजू."

"आणि ती तिसरी पद्धत, उएची?"

"मार खाल्ल्यावर ज्यांना जास्त भूक लागते, त्यांना!"

तिला हसू आवरेना. "म्हणजे माझं बरोबर आहे. मी उंच आहे."

"अंगानं बरोबर आहे," तो जरा थांबला, "पण श्वास... तुमचा श्वास गळ्यापाशीच अडकतो. घाबरलेल्या माणसाला आधी श्वास शिकवावा लागतो. ते आमच्याकडे शिकवतात."

तिला राग आला. आगाऊ कुठला! पण परतीची बोट तिनं मुद्दाम तीच धरली.

मग संध्याकाळी धक्क्यामागच्या भिंतीपाशी त्यांची शिकवणी सुरू झाली. पाय घट्ट रोवायचे, श्वास बेंबीखाली न्यायचा, सावकाश सोडायचा. चिनात्सु श्वास सोडायची आणि लगेच मागे वळून पाहायची. इथे नाहात शिंकलं, तर शुरीत कुणीतरी "जपून" म्हणायचं! आणि दुसऱ्याच्या वर्गाची पायरी चढणं म्हणजे बाबांच्या लेखी बाप बदलण्यासारखंच.

"पाठीवर हात ठेवू?" एकदा शिन्यानं चाचरत विचारलं. "म्हणजे... श्वास कुठवर जातो ते कळेल."

"ठेवा..."

तळहात दोरखंड ओढून खरखरीत झालेला. पण टेकला अगदी अलगद.

"आता तर पारच थांबला," तो गोंधळला.

"तो... भीतीनं नाही थांबलेला," ती पुटपुटली आणि कानापर्यंत लाल झाली.

त्यानंतर दोघंही 'तू'वर आली. पण एकमेकांची कोण, हे विचारायची हिंमत काही कुणाला झाली नाही.

परीक्षेच्या दिवशी वादळाचा इशारा होता. वर्गाच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, बाहेर वारा घोंघावत होता. समोर तीन म्हातारे परीक्षक, कडेला बाबा. चिनात्सुनं सुरुवात केली. पाऊल, वळण, प्रहार... आणि नेमकं तिथेच डोकं कोरं झालं. संपलं सगळं!

तिनं डोळे मिटले. पाय रोवले. आणि श्वास खाली, बेंबीखाली नेऊन हळूहळू सोडला. शांत वर्गात त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. बाबांची मान झटकन वर झाली.

पण साखळी जुळली होती. उरलेला काता तिनं वाऱ्यासारखा पुरा केला.

"पाय आपले आहेत," सर्वांत वयस्कर परीक्षक म्हणाले. "श्वास कुणाचा?"

खोटं बोलता आलं असतं. बाबांच्या जबड्याची शीर उडताना तिला दिसत होती.

"शिन्याचा," ती म्हणाली. "शिन्या तोकाशिकी. नाहाचा. गोजू शिकलाय. मी... मी त्याच्याकडून चोरून शिकले, बाबा."

मग बाबांनी अगदी हळू विचारलं, "आणि हा शिन्या तुझा कोण?"

"अजून ठरलं नाही, बाबा," तिच्या तोंडून निघून गेलं. "विचारून सांगते."

ते सर्वांत वयस्कर परीक्षक खो खो हसत सुटले. "अरे तामाकी, पोरगी पास आहे बरं का! पण पुढच्या वेळी श्वास जरा हळू सोड म्हणावं."

बाबा हसले नाहीत. उठून त्यांनी खिडकीवरची सैल झालेली फळी दाबून बसवली.

"वारा वाढायच्या आत विचारून ये," ते म्हणाले. "आणि गाडी घेऊन जा. बस बंद झाल्यात."

धक्क्यावर शिन्या बोटीला जादा दोर बांधत होता. तिला पाहून त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"नापास?"

"पास. पण तुझं नाव सांगितलं. सगळ्यांसमोर."

"बाप रे... सेन्सेई काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, तो तुझा कोण." वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते, ती ते मागे सारतही नव्हती. "मला उत्तर आलं नाही. म्हणून तुला विचारायला आलेय."

शिन्यानं दोराची गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली, तीही चुकली.

"जो तुला हवा असेन, तो," तो म्हणाला. "पण मला विचारशील तर... तुझाच. त्या लाटेपासून."

चिनात्सुनं दोराचं दुसरं टोक उचललं.

"मग हे लवकर आवर," ती म्हणाली. "बाबा जेवायला थांबलेत."