पंधरा टक्के अंध

सरकारी दवाखान्यात तपासणीचा टोप डोक्यावर चढवताच प्रणालीला जे दिसत होतं, ते भिंतीवरच्या पडद्यावर उमटलं.

"अगं, टेबलावरचा ग्लाससुद्धा दिसतोय तुला!" तिचा नवरा सुदर्शन हरखून म्हणाला.

प्रणालीने नुसती मान हलवली. समोरच्या चकाकत्या ठिपक्यांपैकी ग्लास कुठला, हे तिला कळत नव्हतं. ती जन्मांध. सहा महिन्यांपूर्वी तिच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल बसवलं, तेव्हा सुदर्शनने गल्लीभर पेढे वाटले होते.

खोटी प्रमाणपत्रं थांबावीत म्हणून आणलेलं हे टोपाचं दृष्टिमापक थेट मेंदूतली चित्रं वाचायचं. त्याने निकाल दिला : अंधत्व पंधरा टक्के. अपंगत्वाचं प्रमाणपत्र रद्द.

"मग परीक्षेला लेखनिक?" प्रणालीने विचारलं.

"नाही मिळणार," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "पेपर तुम्हालाच वाचून लिहावा लागेल."

शिक्षिका व्हायचं म्हणून तिने सगळा अभ्यास ब्रेलमधून केला होता. छापील अक्षरं तिला मुंग्यांसारखी वळवळताना दिसायची. दिसतं त्यातलं काहीच कळत नाही हे खरं सांगावं, तर सुदर्शन शेजारीच उभा.

तिच्या चेहऱ्याकडे पाहून डॉक्टरांना काहीतरी जाणवलं. त्यांनी सुदर्शनला आणि दारातल्या शिपायाला सारखेच पांढरे कोट घालून भिंतीशी उभं केलं. "कुणी बोलायचं नाही. यातले तुमचे मिस्टर कोण?"

सुदर्शन हसत उभा राहिला. प्रणाली पाहत राहिली. दोन उभे पांढरे पट्टे, वर दोन सावळे गोळे. मुद्दाम चुकायची गरजच नव्हती. तिने एकाकडे बोट दाखवलं.

मग शिपाई ओशाळून म्हणाला, "ताई, मी..."

डॉक्टर पडद्याकडे वळल्या. "चित्र मेंदूपर्यंत पोचतंय, पण चेहरा ओळखणारा भाग निपचित आहे. बघायला शिकायचं वय निघून गेलं की असं होतं. हे यंत्र दिसणं मोजतं, कळणं नाही. मी हरकत नोंदवते. फेरतपासणी होईपर्यंत तुमचं जुनं प्रमाणपत्र चालेल. लेखनिक मिळेल."

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसले.

"रोज सकाळी माझ्याकडे बघून हसायचीस," सुदर्शन म्हणाला.

"तुम्ही इतके खूश होतात..." ती म्हणाली. नव्या डोळ्यांनी तिने त्याच्याकडे पाहिलं. तो रडतोय की रागावलाय, तिला उमगेना. त्याच्या चेहऱ्याकडे हात नेत तिने विचारलं,

"आता मी डोळे मिटून तुमच्याकडे बघितलं, तर चालेल?"